रविवारी वास नसायचा

सिगारेट सुटली की जिभेला चव येते, जिना चढताना दम लागत नाही, असं सगळे सांगतात. नाकाबद्दल मला कोणी काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी सोडली असती का, हे मी स्वतःला बऱ्याचदा विचारलंय. उत्तर दर वेळी वेगळं येतं.

मी लिफ्टचा माणूस. ठाण्यात वर्तकनगरच्या बाजूच्या बऱ्याच इमारतींच्या लिफ्ट आमची कंपनी सांभाळते, मी तिथे सुपरवायझर आहे. वय त्रेपन्न, राहायला कळव्यात, घरी बायको माधवी आणि मुलगी तन्वी. चोविसाव्या वर्षी ओढायला लागलो आणि पुढे दिवसाला दहा-बारा होत गेल्या. लिफ्टची मशीन रूम गच्चीवर असते. वर वारा असतो आणि कोणी विचारायला येत नाही. सिगारेट ओढायला याहून सोयीची नोकरी शोधून सापडणार नाही.

ज्यांना सोडायची आहे आणि ज्यांच्या घरात कोणी सोडतंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. सिगारेट सोडायच्या गोळीने काय होतं ते सांगेन. पण माझ्या बाबतीत गोळीबरोबर जे झालं ते वगळून सांगता येणार नाही, म्हणून तेही सांगतो. माधवीला विचारून लिहितोय. ती म्हणाली, "लिहा. पण खरं लिहा." हे तिने म्हणावं, याचं मला हसू आलं.

कागदावरचं ‘नाही’

आजार माझा नव्हताच. खोकला माधवीला होता. गणपतीत जो लागला तो दिवाळी आली तरी हटेना. घशाची औषधं झाली, काढे झाले, शेवटी फॅमिली डॉक्टरांनी कोपरीतल्या एका छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. लिफ्टवाल्याच्या इमारतीला लिफ्ट नाही, यावर सोसायटीत सगळ्यांचे विनोद करून झालेत. तर तिसऱ्या मजल्यावर येईपर्यंत माधवी दोनदा कठड्याला धरून थांबायला लागली होती.

डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत एक मुलगी फॉर्म भरून घेत होती. नाव, वय, वजन, कुठल्या औषधाची ॲलर्जी. पुढचा रकाना तंबाखू-सिगारेटचा होता. तिने मान वर करून माधवीकडे पाहिलं. टिकली, मंगळसूत्र, मांडीवर कापडी पिशवी. काही न विचारता तिने रकान्यात ‘नाही’ लिहिलं आणि माझ्याकडे वळली.

"काका, तुम्ही ओढता?"

"हो."

"घरात?"

"बाल्कनीत."

तेही तिने लिहून घेतलं.

आत माधवीला एका नळीत तीनदा फुंकायला लावलं. डॉक्टर चाळिशीचे, हळू बोलणारे. ते म्हणाले, "वहिनींच्या श्वासनळ्या आक्रसल्यात. हा साधा खोकला नाही. झालंय ते नुकसान भरून येणार नाही, पण आहे तिथे थांबवता येईल. असं चित्र आम्हाला ओढणाऱ्यांमध्ये दिसतं, नाहीतर चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या बायकांमध्ये." मग त्यांनी फॉर्म पाहिला आणि मला विचारलं, "किती वर्षं ओढताय?"

"एकोणतीस."

त्यांनी फॉर्म बाजूला ठेवला आणि माधवीच्या चिठ्ठीवर श्वासाचा पंप लिहिला. दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. मी माधवीकडे पाहिलं. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत होती. मला वाटलं, घाबरलीय. हिची छाती मी जाळली, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं. येताना कोपरीहून स्टेशनपर्यंत चालत आलो, मला तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

घरी तन्वीने कागद वाचले. ती चोवीस वर्षांची आहे, बोलायला तिखट. "बाबा, सिरियसली? तुमच्या बाल्कनीमुळे आईला आयुष्यभर पंप ओढायचाय?" कितीतरी दिवस ती माझ्याशी बोलली नाही. माझ्या ताटात पोळी वाढायची आणि मान फिरवायची. माधवी तिला म्हणाली, "जाऊ दे गं, त्यांना काय माहीत होतं." त्या दिवशी मला माझी बायको देवमाणूस वाटली होती.

भरलेली खुर्ची

आठवड्याने मी एकटाच त्याच डॉक्टरांकडे गेलो. म्हटलं, "आजवर चारदा सोडली आणि चारदा धरली. आता सोडायलाच लागेल."

त्यांनी झोपेचं विचारलं, किडनीचं विचारलं, पूर्वी कधी फार उदास वाटून उपचार घेतलेत का तेही विचारलं, आणि मग गोळी लिहून दिली. बारा आठवडे. पहिला आठवडा कमी ताकदीची, त्यानंतर दिवसातून दोनदा, खाल्ल्यावर, ग्लासभर पाण्याबरोबर. "पहिला आठवडा ओढत राहिलात तरी चालेल. मग एक दिवस ठरवा आणि थांबा. सिगारेट डोक्यात ज्या खुर्चीत येऊन बसते, तिथे ही गोळी आधीच बसलेली असते. सिगारेट येईल, जागा नाही बघून परत जाईल. मन फार खाली गेलं किंवा चिडचिड हाताबाहेर गेली तर मला फोन करा." हे सगळं त्यांनी दोनदा सांगितलं. वाचणाऱ्यांना मीही सांगतो, ही गोळी आपल्या मनाने घ्यायची नाही.

थांबायचा दिवस माधवीने ठरवला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर एका गुरुवारभोवती तिने लाल पेनाने गोल काढला आणि म्हणाली, "हा चांगला दिवस आहे."

पाचव्या-सहाव्या दिवसापासूनच सिगारेटची मजा गेली. आवडती भाजी कोणी बिनमिठाची केल्यासारखं व्हायचं. गोळीचा त्रास वेगळा होता. सकाळची गोळी घेतली की पाऊण तास पोटात ढवळायचं, आणि गच्चीवरच्या शिडीवर असलो तर जास्तच. माधवी ऑफिसला जायच्या गडबडीत माझ्यासाठी मऊ पेज करून ठेवायची, वर तूप आणि लोणच्याची फोड. पेज पोटात गेली की गोळी सोसायची. ती पेज खरी होती की खोटी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

स्वप्नं तर विचारू नका. एकदा मी लिफ्टमध्ये बसून खाडीवरून आडवा चाललोय आणि कळव्याला उतरायचं बटणच सापडत नाही, असं पडलं. सकाळी चहाला सांगितलं तर तन्वी इतकी हसली की माझ्याशी अबोला होता हे विसरली. माधवीसुद्धा हसली आणि मग खोकत राहिली. तिला खोकताना पाहिलं की मला पुढचा दिवस न ओढता काढायचं बळ यायचं. मी गोळीवर सोडली हे खरं, पण रोज उठून परत ठरवत होतो ते तिच्या खोकल्यामुळे. जिन्यात ती थांबली की मी मनातल्या मनात नाक घासायचो. गोळी घेतली की कॅलेंडरवर टिक करायचो, सकाळची एक, संध्याकाळची एक.

पडदे

पाचव्या आठवड्यात नाक परत आलं. हळूहळू आलं असेल, पण मला ते एका सकाळी कळलं. शेजारी कोणीतरी लसणाची फोडणी दिली आणि मी बाल्कनीत नुसता उभा राहिलो. मग दिवसभर तेच. मशीन रूममधलं तेल, ओहोटीची खाडी, नवीन पुठ्ठा, ओला टॉवेल. एकोणतीस वर्षं माझ्या नाकाला भुयारात ठेवलं होतं मी. येईल त्याला सांगत सुटलो. ऑफिसातली पोरं म्हणायला लागली, "साहेब, आता आम्हाला हुंगू नका."

त्याच नाकाला घरात सिगारेटचा वास यायला लागला.

मला वाटलं, माझाच. इतकी वर्षं ओढली, भिंतींनी प्यायला असेल. एका रविवारी मी घर उपसून काढलं. पडदे, चादरी, उशा, माझी जॅकेटं, सोफ्याची कव्हरं. गाद्या वाहून गच्चीवर उन्हात टाकल्या. माधवी स्टुलावर उभी राहून पडदे काढत होती, हूक एकेक करून माझ्या हातात देत होती. "अहो, पुरे की आता, सगळं घर धुणार का?" म्हणाली. मी म्हटलं, "तुझ्यासाठीच करतोय." त्यावर तिने पुढचे हूक माझ्याकडे न बघता दिले. मी ते प्रेम समजलो.

रविवारी संध्याकाळी घरात नुसता साबणाचा वास होता. सोमवारी साडेसातला परत सिगारेट.

इकडे तिचा खोकला तसाच. पुढच्या तपासणीला डॉक्टर बुचकळ्यात पडले. "घरातला धूर तर बंद झालाय ना?" त्यांनी पंपाचा डोस वाढवला. मी मान खाली घालून बसलो. म्हटलं, मी केलेलं इतक्यात थोडंच फिटणार आहे.

टिंबं

लिफ्ट कधीमधीच अडकते अशी तक्रार आली की आम्ही लगेच पाना हातात घेत नाही. वॉचमनला वही देतो. कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठल्या मजल्यावर. आठ-पंधरा दिवसांची नोंद झाली की बिघाड आपणहून बोलायला लागतो.

मी तेच केलं. ज्या कॅलेंडरवर टिका करत होतो, तिथेच वास आला त्या दिवशी कोपऱ्यात पेन्सिलीने टिंब द्यायला लागलो. शोधत मी अजूनही भिंतच होतो. मला वाटत होतं दमट हवेत वास सुटत असेल.

तीन आठवड्यांत टिंबं बोलली. सोमवार ते शनिवार. रविवारी एकही नाही. माधवी मामेबहिणीच्या लग्नाला दोन दिवस चिपळूणला गेलेली, ते दोन दिवस कोरे. आणि वेळ नेहमी साडेसातनंतरची, म्हणजे ती घरी आल्यानंतरची.

माधवी ठाण्यातच एका तयार कपड्यांच्या कंपनीत आहे. नवीन कपड्याचा पहिला नमुना जिथे शिवतात तो विभाग ती बघते. मला वाटलं, तिथे कोणीतरी हिच्या आसपास ओढतंय. मी चिडलोच. "तुमच्या ऑफिसात कोण ओढतं गं? छातीचा आजार असलेल्या बाईच्या तोंडावर धूर सोडतात म्हणजे काय? मी येऊन बोलू का तुमच्या साहेबांशी?"

"नको, नको, तुम्ही नका येऊ," ती म्हणाली. "ते पॅकिंगवाले असतात. मी सांगते त्यांना."

हे ती माझ्या डोळ्यांत बघून बोलली. मी पॅकिंगवाल्यांना मनात आठ दिवस शिव्या घातल्या. न पाहिलेल्या त्या माणसांची मी इथे माफी मागतो.

आठ दिवसांनी एका संध्याकाळी तिने मला चहाचा कप दिला. कप घेताना तिची बोटं माझ्या नाकाशी आली. कपड्याला वास दुसऱ्याच्या सिगारेटचा येतो. केसांनाही येतो. पहिल्या दोन बोटांच्या आतल्या बाजूला दुसऱ्याच्या सिगारेटचा वास येत नाही. हे मला जन्मात कोणी शिकवायची गरज नव्हती.

लवंग

तन्वी यायची होती. टीव्ही बंद होता. मी विचारलं, "माधवी, तू ओढतेस?"

ती भेंडी चिरत होती. हात थांबला. मग तिने ओट्यावरच्या छोट्या डबीतून एक लवंग काढली आणि तोंडात टाकली. सवयीने टाकली, तिला कळलंही नसावं. मी त्या डबीकडे बघत राहिलो. ही लवंग ती वर्षानुवर्षं चघळते, घशासाठी. चांगली तेलकट लवंग मिळते म्हणून ठाण्याच्या बाजारातल्या एका ठरावीक दुकानातून मी ती आणायचो. संपत आली की तिच्या आधी माझ्या लक्षात यायचं. तिच्या तोंडाचा वास लपवायचं सामान मी स्वतःच्या हाताने भरून देत होतो.

"ओढते," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"बारा वर्षं झाली असतील. शिपमेंटचं फार टेन्शन असायचं. ऑर्डरी सांभाळणाऱ्या त्या मर्चंडायझर मुली ओढायच्या, टाकीमागे गच्चीवर. एकदा ओढली."

मी वर्तकनगरच्या गच्च्यांवर आणि ही तिच्या कंपनीच्या गच्चीवर. एकाच गावात आम्ही दोघं नवरा-बायको आपापल्या टाकीमागे उभे.

"डॉक्टरांनी मला विचारलं तेव्हा तू शेजारी बसलेलीस."

"त्या मुलीने मला विचारलंच नाही. तुम्हाला विचारलं, तुम्ही पटकन हो म्हणालात."

"आणि नंतर? तन्वी मला काय काय बोलत होती. तू ऐकत होतीस."

तिने चिरलेली भेंडी ताटलीत सारली. मग म्हणाली, "तुम्ही सोडायला लागलात. मला वाटलं, या निमित्ताने तुमची तरी सुटतेय. मध्येच सांगितलं असतं तर तुम्ही परत धरली असती."

"म्हणजे माझ्या भल्यासाठी?"

"तसं नाही म्हणत मी."

"तसंच म्हणतेस! पडदे उतरवलेस तू माझ्याबरोबर. स्टुलावर चढून!" मी ओरडलो. "पॅकिंगवाले म्हणालीस!"

मग तिचाही आवाज चढला. "तुम्ही पंचवीस वर्षं बाल्कनीत उभं राहून ओढलीत. कोणी तुम्हाला काही म्हणालं? सासूबाई उलट तुम्हाला चहा आणून द्यायच्या तिथे. माझं कळलं असतं तर मला माहेरी बसवलं असतं. अहो, मला साधा खोकला आला तरी भीती वाटायची, कोणी ओळखेल म्हणून."

ती बोलत होती ते खरं होतं. आज मला ते दिसतं. त्या संध्याकाळी मला एवढंच कळत होतं, की मी ज्या पापाच्या ओझ्याखाली मळमळ सोसत सिगारेट सोडली ते माझं नव्हतं, निदान सगळं माझं नव्हतं, आणि हे जिला माहीत होतं ती मला सकाळी पेज करून देत होती. मला फसवलं होतं. परक्याने फसवलं तर माणूस चार लोकांत सांगतो तरी. हे मी सांगणार कुणाला?

शेवटी मी एवढंच म्हणालो, "तन्वीला तू सांग. आणि डॉक्टरांना. मी नाही सांगणार."

"सांगते," ती म्हणाली. सांगितलं नाही.

मशीन रूम

दुसऱ्या दिवशी दुपारी मी साइटखालच्या टपरीवर गेलो. टपरीवाला दोन महिन्यांनी मला पाहून खूश झाला, न विचारता माझा ब्रँड काढून दिला. एकच घेतली. गच्चीवर गेलो, मशीन रूमचं दार लोटून घेतलं आणि पेटवली. ज्याच्यासाठी सोडली तेच खोटं होतं, मग कशाला सोडायची? जिच्यासाठी नाक घासलं तिला दाखवून देतो, असंच काहीसं मनात होतं.

काही झालं नाही. कागद जळाल्याची चव आली. दुसरा झुरका घेतला, तिसरा घेतला. धूर आत गेला आणि तसाच बाहेर आला. खुर्चीत गोळी बसली होती. सकाळीच मी तिला माझ्या हाताने बसवलं होतं, पेज खाऊन. मी ती सिगारेट चिडून शेवटपर्यंत ओढली, बोटाला चटका बसेपर्यंत, आणि मग मशीनवर डोकं टेकून रडलो. रागाने ओढायलासुद्धा सिगारेट उरली नव्हती मला.

खाली आल्यावर चूळ भरली, साबणाने हात धुतले. घरी कॅलेंडरवर नेहमीसारख्या दोन टिका केल्या. माधवीने विचारलं, "आज काय?" ती रोज विचारायची. मी रोजच्यासारखा म्हणालो, "शून्य."

दोन गोळ्या

आमचं बोलणं कामापुरतं उरलं. तन्वीला वाटलं, सिगारेट सोडल्यामुळे बाबांची चिडचिड चाललीय. "आई, तू मनावर नको घेऊ गं, विथड्रॉवल आहे ते," असं ती माझ्यासमोर सांगायची आणि माधवी मान डोलवायची. तेव्हा मला घर सोडून जावंसं वाटायचं. कुठे जाणार, जाऊन जाऊन वर्तकनगरच्या गच्चीवर!

मग एका सकाळी माधवी म्हणाली, "तुमच्या गोळ्या उरतील ना थोड्या? मला द्या. मी घेऊन बघते."

आमच्याकडे हे सर्रास चालतं. बीपीच्या, ॲसिडिटीच्या, गुडघ्याच्या, सगळ्या गोळ्या एका बिस्किटाच्या डब्यात असतात आणि एकाची दुसरा घेतो. पण मला तिचा हेतू कळला. माझी गोळी घेतली की चिठ्ठी लागत नाही, चिठ्ठी लागत नाही म्हणजे नाव सांगावं लागत नाही.

"तुझ्या नावाने लिहून घे," मी म्हणालो.

"माझ्या नावाने म्हणजे सगळ्यांना..."

"हो. सगळ्यांना."

दोन दिवसांनी माझ्या पाकिटात दोन गोळ्या कमी निघाल्या. माझ्या टिकांशी हिशेब लागेना. मी पाकीट परत डब्यात ठेवलं. संध्याकाळी माधवी ऑफिसातून रिक्षाने आली, चेहरा पांढरा. दुपारपासून तीनदा उलटी झाली म्हणाली. जिना चढताना दर मजल्याला थांबत होती, एक हात पोटावर, एक कठड्यावर. ती मळमळ मी ओळखत होतो. पहिल्याच दिवशी पूर्ण ताकदीच्या दोन गोळ्या, त्याही बहुतेक नुसत्या चहावर.

मी आत गेलो आणि तिच्यासाठी पेज टाकली. राग गेला होता म्हणून नाही. तांदूळ मी रागाने खळखळून धुतले. पण उपाशीपोटी ती गोळी काय करते, हे घरात फक्त मला माहीत होतं.

तन्वी घाबरली. आईच्या पंपाचंच काहीतरी बिघडलंय असं तिने ठरवून टाकलं. "उद्या मी सुट्टी घेते. मी येणार डॉक्टरांकडे. तुम्ही दोघं काहीच नीट विचारत नाही त्यांना."

माधवीने माझ्याकडे पाहिलं. मी पेज ढवळत राहिलो.

कोपरी

तिघं डॉक्टरांसमोर बसलो. मधल्या खुर्चीत तन्वी होती, हातात फाइल. तिने उलट्यांचं सांगितलं, वाढलेल्या डोसचं सांगितलं, खोकला कमी होत नाही हे सांगितलं. "आणि डॉक्टर, बाबांनी तर सोडलीय. घरात आता धूर अजिबात नाही. मग आईला बरं का वाटत नाही?"

डॉक्टर फाइल चाळायला लागले. मी ठरवून आलो होतो की आपण तोंड उघडायचं नाही. तन्वी डॉक्टरांकडे बघत होती. मला वाटलं, नाही बोलणार ही. आजही नाही. हिला असंच घरी न्यायचं आणि पुढच्या वेळी डोस अजून वाढवून घ्यायचा.

"मी ओढते," माधवी म्हणाली.

तन्वी हसली आधी. तिला आई काहीतरी चुकीचं ऐकून उत्तर देतेय असं वाटलं. मग तिने आईचा चेहरा पाहिला, मग माझा, आणि मला आधीच माहीत होतं हे तिला तिथे कळलं. तिचे डोळे भरून आले. "बाबा, मी तुम्हाला केवढं बोलले," एवढंच ती म्हणाली. मला वाटलं होतं, हे ऐकून मला बरं वाटेल. नाही वाटलं.

डॉक्टरांना धक्का बसला असेल तर त्यांनी दाखवला नाही. त्यांनी फाइलचं पहिलं पान काढलं, त्या मुलीने भरलेलं. रकान्यातल्या ‘नाही’वर एक आडवी रेघ मारली.

"कालच्या उलट्या?"

"यांच्या दोन गोळ्या घेतल्या मी. न विचारता."

"आता तुमच्या नावाने देतो. कमी ताकदीपासून सुरू करायची, पोटभर खाऊन. किती वर्षं ओढताय वहिनी?"

"बावीस," माधवी म्हणाली.

घरी मला तिने बारा सांगितली होती. बावीस वर्षांपूर्वी तन्वी दोन वर्षांची होती. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. म्हटलं, आता उठून जावं. तेवढ्यात डॉक्टर माझ्याकडे वळले. बहुतेक मला बरं वाटावं म्हणून त्यांनी विचारलं असावं.

"तुमचं मात्र मानलं पाहिजे. थांबल्यापासून एकही नाही ना?"

तन्वी डोळे पुसत माझ्याकडे बघून हसली. हो म्हणणं अगदी सोपं होतं. कॅलेंडरवर सगळ्या टिका होत्या.

"एक," मी म्हणालो. "दहाव्या आठवड्यात."

माधवीने वळून माझ्याकडे पाहिलं. घरी मी तिला शून्य सांगितलं होतं.